चंदीगड ते कुफ्री, व्हाया पेडलचा अभिषेक

सांगलीहून महिनाभर राहायला आलेली आई परतीच्या आदल्या आठवड्यात म्हणाली, "एवढ्या लांब आले, डोंगरावरचा बर्फ लांबून तरी दाखव. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील न देतील." सोमवारी तिची रेल्वे. मी इथे विद्यापीठात शिकवते, रजा शिल्लक नव्हती. हातात एकच शनिवार-रविवार होता. कुफ्री ठरलं.

सकाळी सहाला निघालो. तुम्हीही याच वेळी निघा, नाहीतर परवाणूपर्यंत ट्रकांच्या मागेच बसाल. माझी हायब्रिड गाडी बॅटरीवर गुपचूप निघते, म्हणून आई दर सिग्नलला "चालू आहे ना गं?" विचारत होती. परवाणूच्या चढावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि अॅक्सिलरेटरचं पेडल कितीही दाबलं तरी गाडी बैलगाडीच्या चालीने रांगायला लागली. सर्व्हिस सेंटरवाले फोनवर म्हणाले, उचलून आणा, सोमवारी बघू. आई म्हणाली, "राहू दे, फोटोत बघितलाय मी बर्फ." मला रडूच यायला लागलं.

रांगत रांगत पुढच्या वळणावरचं वर्कशॉप गाठलं. मालक गुरमीतजी साठीचे, अजिबात घाई नसलेले. त्यांनी गाडीला टॅबलेट जोडला आणि मला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. पडद्यावर दोन रेषा निघाल्या. एक शहाण्यासारखी चढत होती, दुसरी मध्येच कोसळत होती.

"माताजी, अंदर दो गवाह बैठे हैं," ते आईला समजावू लागले. "पैर कितना दबा, दोनों बताते हैं. बयान न मिले तो गड्डी किसी पे भरोसा नहीं करती."

गवाह म्हणजे पेडलमधले दोन सेन्सर. त्यांचं एकमेकांशी जुळत नव्हतं, म्हणून गाडी जपून, हळू चालत होती. त्यांनी पेडलच्या वरचा प्लग काढला. पिनांवर हिरवट थर आणि चिकटपणा. "जूस गिराया था?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार, तोच आई पुढे झाली. "मैंने डाला. नारियल का पानी. दसरे को पूजा की ना. पेडल मतलब गाडी के पाय, तो पाय धोये."

मी कपाळाला हात लावला. गुरमीतजी मात्र पोट धरून हसले. "अगली बार टायर धोना जी, पैर तो वो भी हैं."

स्प्रे मारून, ब्रशने घासून त्यांनी पिना लख्ख केल्या, सैल झालेली एक घट्ट बसवली आणि गाडीत नोंदलेला बिघाडाचा जुना कोड पुसला. पुन्हा पेडल दाबलं, तर दोन्ही रेषा जोडीने वर गेल्या. आईने चक्क टाळ्या वाजवल्या. आठशे रुपये आणि दोन कप चहा, एवढ्यात काम झालं.

धरमपूरला लोण्याचे पराठे खाल्ले (दोघींत तीन पुरतात), सोलनला न थांबता चारच्या सुमाराला कुफ्री. घोडेवाल्यांना ठामपणे नाही म्हणा, रस्त्यालगतच्या कठड्यावरूनही सगळं दिसतं. आभाळ स्वच्छ होतं. लांबवर पांढरी रांग दिसली आणि आईने माझा हात धरला, तो अंधार पडेपर्यंत सोडला नाही. रात्री तिथेच मुक्काम केला.

रविवारी घरी आल्याआल्या तिने मावशीला फोन लावला. मला वाटलं, नारळाची गोष्ट गाळेल. तिने सुरुवातच तिथून केली. "गाडी मीच बिघडवली. एका शब्दाने बोलली नाही गं मला," आणि मग आवाज खाली आणून, "मी उगाच काळजी करत होते, एवढ्या लांब एकटी कशी राहत असेल. छान राहते."

मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिले.