कपाटामागचं दार

केडगावच्या आमच्या घरी तो एकदाच आला. दौंडचा टीव्ही दुरुस्त करणारा. नाव मी विचारलं नाही. पुढच्या खोलीत लावलेली सीडी मागच्या खोलीत वडिलांच्या, आबांच्या टीव्हीवरही दिसावी, म्हणून मी पुण्याहून बिनवायरनं चित्र पाठवणारे दोन डबे आणले होते. आबांच्या टीव्हीवर मात्र नुसत्या मुंग्या.

त्यानं पिशवीतून स्क्रूड्रायव्हरसुद्धा काढला नाही. पुढच्या डब्यापासून हात पुढं धरून, अंधारात चालल्यासारखा एकेक पाऊल टाकत निघाला आणि लोखंडी कपाटाला तळहात टेकवून थांबला.

“हे हितं कशाला?”

“मागं मधलं दार आहे. आबांचा खोकला पुढं ऐकू येतो. पाव्हणे असतात...”

“लोखंडातनं चित्र जात न्हाई, दादा.” त्यानं कपाट बोटानं वाजवलं. मग हळू आवाजात म्हणाला, “दार उघडं आसतं तर डबे कशाला लागले आसते?”

मला रागच आला. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसानं घरातलं कशाला बोलावं? त्यानं विषय वाढवला नाही. पुढचा डबा दारावरच्या झरोक्यात ठेवला, चित्र स्वच्छ आलं. जाताना तो आबांच्या पाया पडला. माझ्याकडं बघितलंही नाही.

आबांच्या तेराव्याला माणसं बसवायला जागा हवी म्हणून कपाट हलवलं, दार उघडलं. दमून आबांच्या खाटेवर टेकलो, तर पुढच्या खोलीतला टीव्ही तिथून सरळ समोर दिसत होता.