सहीचं शेपूट

...आणि त्या अधिकाऱ्याने टेबलावर अशी थाप मारली की शाईची गादी टुणकन उडाली! काल इथवर आलो होतो ना आपण? पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, मग पुन्हा थाप मारू.

शिक्केमामा माझ्या समोरच्या खोलीत राहायचे. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत चौतीस वर्षं एकच काम: राष्ट्राध्यक्षांची सही झाली की कागदावर पितळी शिक्का उमटवायचा. बस्स. हसू नका! आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी राष्ट्राध्यक्षांबद्दल एकच वाक्य शिकवलं होतं, 'ते सही करतात', आणि धडा संपला होता. बाकीचं सगळं मी मामांकडून शिकलो. लोकांनी निवडलेल्या सभेने कायद्याचा मसुदा मंजूर केला तरी सहीशिवाय त्याचा कायदा होत नाही. पटला नाही तर एकदा परत धाडता येतो. फाशीसुद्धा माफ करता येते! मी ऐकतच राहिलो.

मामांचा एक नियम होता. शिक्क्याची कड सहीच्या शेवटच्या फराट्याला चिकटूनच बसली पाहिजे. त्या फराट्याला ते शेपूट म्हणायचे.

तर त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होत्या एक बाई. सभेने नवा कायदा मंजूर केला होता: वीसपेक्षा कमी पोरं असतील त्या गावची शाळा बंद. दुपारी मसुदा बाईंकडे नेण्याआधीच कचेरीतला तो अधिकारी मामांच्या टेबलाशी आला.

"शिक्का आधीच मारून ठेवा. खाली बातमीवाले ताटकळलेत. बाईंनी सही केली रे केली की मी पळतो."

"मारतो की साहेब. कुठे मारू?"

"कुठे म्हणजे? कागदावर!"

"शेपूट दाखवा, साहेब."

थाप! ती हीच बरं का.

"निवृत्तीला तीन महिने राहिलेत ना तुमच्या? उद्यापासून घरी बसा. पेन्शन कशी मिळते तेही बघतो!" असं म्हणून तो बिनशिक्क्याचा मसुदा घेऊन तरातरा आत गेला.

चौतीस वर्षं एका शिक्क्यापायी पाण्यात! पण मामांनी शिक्का फडक्याने पुसला, पेटीत ठेवला, पेटी मांडीवर घेतली आणि बसून राहिले.

पाव तास झाला. अर्धा झाला. खालचे बातमीवाले जांभया द्यायला लागले. आणि दार उघडलं! अधिकारी बाहेर आला तो घामाने निथळत. मसुद्यावर सहीच नाही! सोबत बाईंच्या हातचं सभेला पत्र: 'सहा वर्षांचं मूल दुसऱ्या गावच्या शाळेपर्यंत रोज किती चालेल, ते सभेने आधी स्वतः चालून पाहावं आणि मग पुन्हा विचार करावा.' खाली सही, आणि सहीला हे एवढं झोकदार शेपूट!

आधीच शिक्का मारला असता तर? सही नसलेल्या मसुद्यावर राष्ट्राध्यक्षांचा शिक्का! अधिकाऱ्याच्याही ते ध्यानात आलं असावं. शिवाय शिक्क्याशिवाय हे पत्रही जागचं हलणार नव्हतं. त्याने ते हळूच मामांपुढे सरकवलं.

"मारा."

"पण मी तर उद्यापासून घरी ना, साहेब?"

"अहो, कसलं घर! तीन महिने पुरे करा तुमचे. मारा हो मामा, पाया पडतो!"

ठप्प! कड शेपटाला बरोब्बर चिकटली. मामा म्हणायचे, चौतीस वर्षांत असा देखणा शिक्का उमटला नव्हता.

संध्याकाळी मामा आले ते थेट त्यांच्या शिंपी मेव्हण्याच्या दुकानात. मी तिथे बाहीचं माप देत उभा होतो. हा मेव्हणा एरवी मामांना चिडवायचा, "दाजी, तुमच्या बाई म्हणजे नुसता रबरी शिक्का!" त्या दिवशी सगळं ऐकून त्याचा टेप माझ्या बाहीवरच राहिला. पण खोड कुठे जाते? दातातली टाचणी काढून म्हणाला, "बरं, सभेने तोच कायदा पुन्हा मंजूर करून धाडला तर? मग बाईंना सही करावीच लागते ना? मग काय कराल, दाजी?"

मी हात वर धरूनच मामांकडे वळलो. मामा ओठ पेटीसारखे मिटून हसले आणि म्हणाले:

"मग मारीन की, मेव्हण्या! पण तेव्हा शेपूट असेल."