लाल तेलाची गाडी

गाडी बसली होती. पंक्चर वगैरे काही नाही, चारही चाकं हवेने टम्म. पण पोट पार खाली गेलेलं, मागची चाकं अर्धी पत्र्याच्या आड. रुसलेल्या म्हशीसारखी ती टॉवेलच्या कारखान्यातल्या शेडमध्ये फतकल मारून बसली होती आणि मी तिच्यासमोर माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर उभी होते.

शेजारी शैलजा. हा कारखाना तीच चालवते. गाडी तिच्या सासऱ्यांची, तात्यांची.

"पुण्याहून सुलभाताई येऊन बघून गेल्या," शैलजा म्हणाली. "पंप गेलाय म्हणाल्या. बाहेरच्या देशातून मागवायचा. तोवर गाडी ट्रकवर घालून पुण्याला न्यायची."

"पंप गेलेला नाही," मी म्हणाले.

"अक्का, तुम्ही अजून बॉनेटपण उघडलं नाही की."

खरं होतं. पण सुलभाचं नाव कानावर आलं की माझं निदान आधी होतं, तपासणी मागून.

सुलभा आणि मी सोलापुरात डिप्लोमाला एका वर्गात. वर्गात मुली दोनच, त्यामुळे मुलींत पहिली आणि मुलींत शेवटची असे दोन्ही मान वाटून घ्यावे लागत. पहिली कोण यायची हे सांगत बसत नाही. ती पुण्याला गाड्यांच्या कंपनीत लागली. तिथून तिला ट्रेनिंगला फ्रान्सला पाठवलं. मी लग्न करून नवऱ्याच्या गॅरेजमध्ये गेले आणि तिथून पुढे जन्मभर गॅरेजमध्येच राहिले. तिने फ्रान्सहून फोटो पाठवला होता. अशाच एका गाडीला टेकून उभी, गॉगल लावून. मी तो फोटो नवऱ्याला दाखवला आणि म्हणाले, "असल्या तेलावर तरंगणाऱ्या गाद्या काय कामाच्या? गाडीला स्प्रिंगच पाहिजे." ती गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी मत तयार. मग त्या फोटोवर ग्रीसचा डबा ठेवला. चुकून. आणि तो डबा तिथून हलवायचं मला बरेच महिने सुचलंच नाही. काय ती बाई होती, तेव्हाची मी! आज गॅरेजमध्ये कामाला आली तर मी तिला ठेवून घेणार नाही.

आता ही गाडी काय चीज आहे ते सांगते. तिला स्प्रिंग नाहीतच. प्रत्येक चाकावर नारळाएवढा एक लोखंडी गोळा. गोळ्यात वर गॅस, खाली तेल, मध्ये रबराचा पडदा. चाक खड्ड्यात गेलं की तेल गॅसला दाबतं, गॅस दबतो आणि परत फुलतो. झाली स्प्रिंग. एकच पंप हे तेल सगळीकडे दाबाने पाठवतो: चाकांना, स्टिअरिंगला, ब्रेकला. ब्रेकला तर पेडलसुद्धा नाही, अळंबीसारखं एक रबरी बटण. इंजिन चालू केलं की गाडी गायीसारखी उठते, आधी मागचं अंग, मग पुढचं. आत एक दांडा आहे. तो सरकवला की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली. सत्तर वर्षांपूर्वी डोकं चालवलंय बघा त्या लोकांनी. पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मला सुलभाबरोबर त्या अख्ख्या फ्रान्सचाच हेवा वाटला.

तात्यांनी ही तरुणपणी मुंबईच्या एका साहेबाकडून घेतली. तेव्हा हौस होती. आता गरज झाली आहे. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. उंच गाडीत चढता येत नाही, बुटक्या गाडीतून उठता येत नाही. हीच एक अशी, की खाली बसून त्यांना पोटात घेते आणि उतरायच्या वेळी त्यांना घेऊन वर उठते. ती बसली तेव्हापासून तात्याही घरात बसले होते.

"खंडेनवमी आली की," शैलजा म्हणाली. "तात्या दरवर्षी स्वतः येऊन मशीनची पूजा करतात. या वर्षी येता येणार नाही कळल्यापासून धड जेवत नाहीत. तुम्ही खरंच करू शकाल? का सुलभाताईंनाच..."

"करते," मी म्हणाले. ते 'का' मला पुढे ऐकायचं नव्हतं.

बॉनेट उघडलं. पंप खोलून पाहिला. खरोखर ठणठणीत निघाला. मला इतका आनंद झाला, की पुढचं पाहायचंच राहिलं. मग तेलाच्या टाकीत डोकावले. ही गाडी जुन्या घडणीची, तिला लाल तेल लागतं, ब्रेक-ऑइलच्या जातीचं. टाकीत ते गढूळ दिसलं आणि वर पिवळट तवंग. पाइपच्या जोडावर रबराच्या चकत्या असतात, तेल गळू नये म्हणून. त्यांना सील म्हणतात. एक काढला. भिजवलेल्या पोह्यासारखा फुगून मऊ झालेला. मग दाब टिकणार कसा? हे साध्या मशीन-ऑइलचं काम. या गाडीच्या रबराला ते तेल म्हणजे विष.

मी रसूलभाईंना बोलावलं. तात्यांचे ड्रायव्हर, गाडीइतकेच जुने.

"रसूलभाई, टाकीत काय घातलंत?"

"लाल तेल. दुसरा कायकू डालूं मैं?" त्यांनी कानाला हात लावला. "अल्ला कसम अक्का, इस गाडी को मैं अपने मन से पानी भी नै पिलाता."

"मग मशीन-ऑइल आलं कुठून? आभाळातून?"

ते जवळ सरकले. मग शैलजाकडे बघून हळूच म्हणाले, "तात्या कू पूछो."

तात्यांना घरी जाऊन विचारलं. ते पलंगावर बसले होते, पाय लांब करून.

"घातलं की," तात्या म्हणाले. "नवमीला सगळ्या लूमला माझ्या हातानं तेल घालतो. वडलांपासनं रीत हाय आमची. ती पण मशीनच की. दरवर्षी एक थेंब. मागच्या नवमीला गुडघ्यानं जमेना, मागच्या रांगेतल्या लूमपर्यंत जाता आलं नाही. डबा तसाच उरला. मग सगळा हिलाच घातला. वर्षाचा सण, उपाशी कशाला ठेवायची? का ओ, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं."

बाहेर आल्यावर शैलजाने माझा दंड धरला. "अक्का, त्यांना सांगू नका. आपल्या हातानं मोडली कळलं, तर ते नवमीला तेलाचा डबा परत हातात धरायचे नाहीत."

रोग कळला. आता सील हवे. ते पुण्यात, सुलभाच्या कपाटात. आणि मला तर तिला फोन करण्यापेक्षा गाडी चावून खाणं सोपं वाटत होतं. मी ट्रकचे सील आणले, कापले, घासले, बसवले. इंजिन चालू केलं. गाडीने मागचं अंग उचललं, जरा विचार केला, फुस्स केलं आणि परत बसली. लाल तेलाची पिचकारी माझ्या पांढऱ्या केसांवर. रसूलभाई म्हणाले, "अक्का, होली अबी दूर है."

आणखी घासूनपुसून ते सील कदाचित बसलेही असते. आम्ही सोलापूरचे, जुगाडाला मागे हटत नाही. पण ब्रेकही त्याच तेलावर चालतो. चाकांना जुगाड चालेल, ब्रेकला नाही. आणि या गाडीत तात्या बसणार. केस पुसले आणि फोन लावला.

"बोल महादेवी," सुलभा म्हणाली. "पंप मागवायचाय ना?"

"पंप ठणठणीत आहे."

"शक्य नाही."

"सील फुगलेत."

"लाल तेलात सील फुगत नाहीत."

"लाल तेलात कोण म्हणतंय?"

मग सावकाश, चवीने, तिला नवमीचा डबा सांगितला. पलीकडे ती गप्प. ती शांतता मी बडीशेपेसारखी चघळली.

"माझ्या बापाच्या मागाला मीच तेल घालायचे नवमीला," ती शेवटी म्हणाली. "आणि विचारायला सुचलं नाही मला."

"होतं गं. पुण्यात राहून माणूस विसरतं." इतकी उदार मी आयुष्यात झाले नव्हते.

"सील आहेत माझ्याकडे. गोळेपण आहेत. पण कुरिअर करणार नाही."

"का?"

"मी घेऊन येते."

आली. केस कापलेले, पँट, पायात बूट. येऊन गाडीपाशी उकिडवी बसली, आत डोकावली आणि कशाचाही आधार न घेता उठली. फ्रान्सपेक्षा हे मला जास्त झोंबलं.

"तू खाली नको जाऊ," ती म्हणाली. "वय झालं. मी करते."

झालं. तेवढं ऐकल्यावर खालचं सगळं काम मीच करणार हे ठरलं. चाकांच्या फळीवर आडवी पडून मी गाडीखाली. सगळं जुनं तेल काढलं, पाइप स्पिरिटने धुतले, सील बदलले. सुलभा वरून हात घालून गोळे बसवत होती आणि मला फ्रेंच नावं ऐकवत होती. मी खालून कन्नडमध्ये उत्तर देत होते. तिला कन्नड येत नाही, ते बरं.

नवमीच्या आदल्या दिवशी तात्यांना खुर्चीवर बसवून आणलं. रसूलभाईंनी चावी फिरवली. गाडी जरा थरथरली. मग मागचं अंग उचललं. मग पुढचं. आणि उभी राहिली ती राहिलीच.

"पुण्याची बाई आली आणि उठली बघ!" तात्या म्हणाले.

मी गिळलं. पण काम अजून राहिलं होतं. "तात्या," मी म्हणाले, "हिचा कडक उपास असतो. लाल तेलाशिवाय काही तोंडात घेत नाही. उद्या नवमीला तेल घालायचं ते दाराच्या बिजागऱ्यांना. थेंब थेंब. म्हातारीच्या सांध्यांना चोळल्यासारखं."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी घातल्यानंच बसली व्हय ही?"

शैलजा खाली बघू लागली. मी हात पुसायला चिंधी शोधू लागले. आणि सुलभा, जी परीक्षेत गुण कमी मिळाले तर मास्तरांशी भांडायची, ती शांतपणे म्हणाली, "नाही हो तात्या. पंप गेला होता. जुना झालेला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

मग माझ्याकडे वळून, "हो की नाही, महादेवी?"

काय करता? मी मान डोलावली. "हो. पंपच."

दुसऱ्या दिवशी तात्या त्या गाडीतून आले, तिने त्यांना अलगद वर उचलून दिलं, आणि त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं. जवळच्या लूमना त्यांनी घातलं, मागच्या रांगेला शैलजाने त्यांच्या नावाने. सगळ्या सोलापूरला आता माहीत आहे की पुण्याच्या सुलभाताईंनी बघताक्षणी सांगितलं होतं, पंप गेलाय म्हणून.

हे लिहायच्या आधी मी तात्यांना जाऊन खरं सांगितलं. त्यांच्या परवानगीशिवाय कसं लिहिणार? ते हसले. "मला तवाच कळलं होतं की. दोन मेकॅनिक बायकांचं एकदम एकमत झालं, म्हटलं, नक्की माझंच काहीतरी लपवतायत."

एवढ्या उपद्व्यापातून मी शिकले ते इतकंच: गाडी खोलण्याआधी घरातले सण विचारावेत.

गाडी उठली त्या दिवशीचा फोटो शैलजाने सगळ्यांना पाठवला. गाडी ताठ उभी, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावलेल्या. सुलभा तिला टेकून, गॉगल लावून. मी शेवटचा जोड गळतोय का ते बघायला खाली गेले होते. फोटोत माझ्या फक्त चपला आहेत. आणि आता फोटो मोबाइलवर येतात, त्यांच्यावर ग्रीसचा डबा ठेवायचीही सोय राहिलेली नाही.