कोलूसमोरचं परदेशी गाणं

ये अशी, जवळ ये. लिहितेय खरी, पण तू समोर बसली आहेस असंच धरून चालते, म्हणजे मला नीट रागावता येईल. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तुमच्याकडे नवरात्रात इंग्रजी गाणी होतात म्हणे!" आणि वर हसलीस. अगं, कुणाकडून अर्धंमुर्धं ऐकायचं आणि हसायचं, हे तुझ्या आईनं शिकवलेलं नाही. माझीच बहीण ती, मला ठाऊक आहे. आता सगळं ऐक.

माझी नात त्या परदेशी गायिकेपायी वेडी आहे हे तुला माहीत आहेच. कपाटाच्या दारावर तिचा फोटो, पाण्याच्या बाटलीवर तिचा फोटो. मला ते गाणं आधी मुळीच कळत नसे. शब्द एकात एक घुसलेले, ताल तर पेट्रोल संपायच्या आत घर गाठायला निघालेल्या रिक्षेसारखा. पण मला येत नाही असं म्हणून गप्प बसणाऱ्यातली मी नाही. देवनागरी मी देवघरातल्या पोथ्यांवरून एकटीनं शिकले, गाणं शिकले दाराआड उभी राहून, भावाची शिकवणी चालायची तेव्हा. मग हे काय मोठं?

नातीनंच एकदा सांगितलं, "पाट्टी, तिचीच गाणी दुसरे लोक आपापल्या तऱ्हेनं म्हणतात. त्याला कव्हर म्हणतात." आणि फोनमध्ये दाखवलं. बाई गं! तिथून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

एका लग्नात नादस्वरवाल्यांनी तिचं एक गाणं वाजवलेलं आहे. सोबतचा तविलवाला ढोल असा बडवतो की नवरामुलगा अक्षता विसरून मान हलवतो. ते मला आवडतं. कुठल्याशा शाळेतल्या चाळीस पोरींनी एकत्र म्हटलेलं आहे, त्यात दुसऱ्या ओळीतली एक पोर सगळ्यांच्या आधी सुरू होते आणि जीभ चावते. तिच्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा बघते. पण सगळ्यांत लाडकं म्हणजे वीणेवरचं. एक मुलगी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून वाजवते, मागे कुकरची शिट्टी होते, ती तशीच ठेवली आहे. इतकं संथ वाजवते की मला पहिल्यांदा त्या गाण्याची हाडं दिसली. कुणीतरी सोडून गेलंय आणि ही त्याच्याविना चालायला शिकतेय, असा अर्थ आहे म्हणे. वीणेवर तो न सांगता कळतो. मी जुन्या डायरीत तमिळ अक्षरांत त्याचे स्वर उतरवून घेतले, फोनमधली तंबोऱ्यासारखी श्रुतीपेटी लावून रोज घोकले.

आणि एक कव्हर मला चोरून मिळालं. नात श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे, कंपनीची बस तिला नेते-आणते. बसमधल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ तिच्या आईच्या फोनवर आला. शिफ्ट सुटलेली, पोरं सीटच्या पाठीवर ठेका धरताहेत, आणि मधे उभी राहून गातेय कोण? आमची! खालच्या सुरातला, भरलेला, गुळाच्या पाकासारखा आवाज. मी ऐकलं आणि मला रडू आलं.

का, ते सांगते. ही नऊ वर्षांची असताना आम्ही तिला गल्लीपलीकडच्या पाटुमामींकडे गाणं शिकायला घातलं होतं. आमच्या वेस्ट मांबलम भागातल्या अर्ध्या पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. महिन्याभरात मामी सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "हिचा आवाज जड आहे. हिला चित्रकलेला घाला." त्या दिवसापासून पोरीनं घरात तोंड उघडलं नाही. आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांचा कोलू बघायला जी येईल तिनं त्यांच्यासमोर एक गाणं म्हणायचं, मगच हळदकुंकू, मगच परतलेल्या चण्यांचं सुंडल. मग ही काय करायची? नवरात्रभर स्वयंपाकघरात चणे परतत बसायची. बसमध्ये परक्यांसमोर गाते आणि स्वतःच्या घरात मुकी, हे मला सोसेना.

या नवरात्रात शुक्रवारी संध्याकाळी सातेक बायका होत्या. मामीही आल्या. आता वय झालंय, गुडघे गेलेत, कान मात्र तसेच तिखट. नात बसमधून उतरून थेट आली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. मामींनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, चित्रकार! एक तरी गाणं म्हणशील की नाही?"

"मी सुंडल आणते," म्हणून ही उठली.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "थांब. आधी माझं." आणि ते वीणेवरचं गाणं सुरू केलं. इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून नुसते स्वर. मामींचा हात आपोआप मांडीवर ताल देऊ लागला. मान डोलली. शेजारणीला म्हणतात कशा, "राग शंकराभरणम. पण कृती कुठली ही? जुनी दिसते. आता कुणी गात नाही असलं." पातेलं हातात धरून दारात उभ्या असलेल्या नातीचे डोळे बशीएवढे झाले.

दुसऱ्या भागात तो वरचा स्वर आला आणि माझा गळा फाटला. मुद्दाम नाही केलं गं, देवाशपथ. त्र्याहत्तर वर्षांचा गळा आहे. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. बायका खाली बघू लागल्या. आणि दारातून तो स्वर आला. वरचा नव्हे, त्याचाच खालचा, सप्तकभर खाली उतरवून, स्वच्छ. आमच्या पोरीनं पातेलं खाली ठेवलं, आणि वीणेच्याच चालीनं, इंग्रजी शब्दांसकट, गाणं शेवटपर्यंत नेलं.

शब्द ऐकताच मामींचा हात मांडीवर थांबला. मग दोन बोटं हलली, मग पंजा. ताल पुन्हा सुरू झाला.

गाणं संपल्यावर मामी मला म्हणाल्या, "फसवलंत हो मला! इंग्लंडची का ती बाई, अमेरिकेची?" सगळ्या हसल्या. मी हळदकुंकवाचं ताट पुढे केलं, तर त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि नातीकडे वळल्या. "तिचं आणखी एखादं आहे का? असंच खालच्या सुरातलं?"

झालं. एवढंच बोलल्या. माफी मागणाऱ्यातल्या नाहीत त्या. पण तेवढ्या वर्षांची गाठ त्या एका प्रश्नानं सुटली हे नातीनं ओळखलं, कारण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. तीन गाणी झाली. चणे गार झाले, कुणी विचारलं नाही.

तर माझ्या आवडत्या कव्हरांत आता नादस्वर तिसरं, वीणा दुसरी. पहिलं कुठलं, ते तू सांग. फोनमध्ये ते नाहीच, कुणालाही रेकॉर्ड करायचं भान नव्हतं. म्हणून म्हणते, हसायचं असेल तर इथं येऊन हस. पोंगलला सुट्टी आहे ना तुला? गाडीचं तिकीट काढ आणि ये. नातीला शिफ्ट बदलून घ्यायला सांगते. आणि ऐक, येताना एक गाणं तयार करून ये. कोलू नसला म्हणून काय झालं, सुंडल गाण्याशिवाय मिळायचं नाही.