लाल रंगातलं साल

"सर, थांबा! त्या ओळीचा ठसा घ्यायचा राहिलाय," शबाना ओरडली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या इतिहास विभागाचे प्रमुख अंजनवेलजवळच्या एका विहिरीवरच्या शिलालेखात लाल ऑइलपेंट भरत होते.

"अगो, फोटोत अक्षरं दिसायला नकोत? अहवालाला काय दगड जोडू?"

मुलं हसली.

शबाना तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प याच लेखावर आहे. शेवटच्या ओळीतलं झिजलेलं साल वाचायला ती ठशाचा कागद आणि शाई घेऊन आली होती. खाचा रंगाने भरल्या की ठसा उमटत नाही.

"सर, तो आकडा अजून कोणालाच लागलेला नाही."

"मला लागला ना!" म्हणत त्यांनी अंदाजानेच आकडा गिरवला. वर शबानालाच शेजारी उभं करून फोटो काढला.

मी मराठी शिकवते, सहलीला सोबत म्हणून गेले होते. रंगाचा डबा मीच धरला होता. घरी आल्यावर नखांतला लाल रंग दिसला आणि सरांइतकीच मला माझीही शिसारी आली.

तुम्ही तरी डबा खाली ठेवला असता ना?

ता. क. आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर तो फोटो आला, खाली 'वारसा संवर्धन' असं लिहिलेलं. शबानाने प्रकल्पाचा विषय बदलून मागितला आहे.