वर्गात आज मिरगी आली

मंडळी, शाळेतून घरी आल्याबरोबर हे लिहून राह्यले मी.

घाटंजीजवळच्या शाळेत मी यंदाच लागले. आज पाढे म्हणता म्हणता तिसरीतली पायल धाडकन खाली पडली. मिरगी!

पोरं ओरडली, "मॅडम, चप्पल हुंगवा!" एकाने काढलीही. मी ती हिसकावली, पायलला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली आणि झटके थांबायची वाट पाहत बसले.

ती शुद्धीवर आली, तेव्हा वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला न्यायला आलेले तिचे वडील दारात उभे होते. "मॅडम, हिले घरीच राहू द्या नं. आमची पोरगी भेते."

पायलने ते ऐकलं. हळूच विचारलं, "मॅडम, मी उद्या येऊ का नको?"

"येच," म्हणाले मी.

पण तिच्या शेजारी कोणाला बसवू? खरं सांगा, तुमची लेक बसवाल?