रत्नम्माची पकड

भवानी पेठेत कुणाच्या लेकराची बरगडी उडायला लागली की रत्नम्माला बोलावणं जायचं. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ती निघायची. लेकराला मांड्यांत अशी धरायची, की बोटसुद्धा हलत नसे. मग चुलीत तापवलेल्या लोखंडी काडीनं कुशीवर डाग द्यायची. काही लेकरं उठत, काही जात. उठलेल्यांच्या आया खण घेऊन येत. गेलेल्यांच्या आया नशिबाला बोल लावत. सिद्धरामेश्वरानं हाताला गुण दिलाय, एवढंच रत्नम्मा म्हणे.

त्या वर्षी सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली आणि तिचा नातू शिवयोगी आजारी पडला. चार वर्षांचं खाऊनपिऊन टणटणीत पोर. साधं पडसं झालं, मग ताप चढला. ताप उतरला म्हणून घर निर्धास्त झालं, तर तो दुप्पट जोरानं परतला. आता शिवूची डावी कूस लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

मुलगा गुरुबसप्पा सकाळीच वेणीमाधव डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी छाती ठोकून पाहिली. फुफ्फुसाबाहेर पू साचलाय म्हणाले. दुपारी सुया उकळून आणतो, पू काढू. जाताना सुनेला, सुंदरम्माला, बजावून गेले, की या कुशीला काही लावू नका. तिथं फोड असला तर सुई घालता येणार नाही, फोडातली घाण आत जाईल.

दुपार काही होईना. शिवूचे ओठ काळपट पडले. शेजारची मुक्ताबाई येऊन उंबऱ्यात टेकली. तिची वच्छला मागल्या थंडीत याच दुखण्यानं गेली होती. पोराकडं बघत ती हळूच म्हणाली, "माझ्या वच्छीला डाग दिलास, तवा डॉक्टर न्हाय सुचला. घरच्याला सुचला व्हय?"

वच्छीची कूस रत्नम्माच्या डोळ्यांपुढं आली, फोड फुटून ओली झालेली. पण समोर शिवूचा श्वास अडकत होता, आणि नुसतं बसून बघणं तिच्या हातांना ठाऊक नव्हतं. ती उठली. काडी चुलीत सारली.

सुंदरम्मानं ते पाहिलं. सासूपुढं कधी मान वर न करणारी ती पोर पुढं सरकली. शिवूच्या कुशीवर तळहात पसरून बसली. रत्नम्मा लाल काडी घेऊन आली तरी हात तिथंच.

"अत्ती, आदी माज्या हातावर ठिवा."

रत्नम्मा त्या हाताकडं बघत उभी राहिली. पोर हातचं गेलं, तर काडी असून दिली नाही, असं पेठ जन्मभर म्हणेल. दिली आणि डॉक्टर दारातून परत फिरले तर? तिनं काडी बादलीत बुडवली. चर्र आवाज झाला. मुक्ताबाई दचकली.

डॉक्टर आले. गुरुबसप्पानं भिंतीकडं तोंड केलं. सुंदरम्मानं सुई पाहिली आणि पदरानं डोळे झाकले. पोर हललं तर सुई भलतीकडं जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

"मी धरते की," रत्नम्मा म्हणाली. "तुमी तुमचं काम करा."

तिनं शिवूला मांड्यांत घेतलं, नेहमीसारखंच. सुई आत गेली तेव्हा तो ओरडला, पण हलला नाही. रत्नम्मा डोळे मिटून सिद्धरामाचं नाव घेत होती. पिवळाहिरवा, घाण वासाचा पू पिचकारीत आला. हळूहळू कूस संथ झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की सूक्ष्मदर्शकाखाली पुवात दोन जातींचे जंतू दिसले. एकानं दार उघडलं, दुसरा मागून शिरला. सुई पुन्हा घालावी लागेल, अजून खात्री देता येत नाही. पण कातडं धड आहे, म्हणून घालता तरी येईल.

शिवू उशीला टेकून पेज प्यायला लागला, त्या सकाळी गल्लीतली एक बाई तापलेलं तान्हं घेऊन डाग मागायला आली. मुक्ताबाई उंबऱ्यातच होती.

"डाग न्हाय," रत्नम्मा म्हणाली. "आदी डॉक्टर. चल, मी येते धरायला."

मुक्ताबाई आत आली, आणि पेजेची वाटी आपल्या हातात घेऊन शिवूजवळ बसली.